टोपीवाल्याची मोजणी

शनिवारी अँब्रोस कोडी लेकीच्या घरचा गळका नळ दुरुस्त करायला शहरात आला आणि नळ सोडून बाकी सगळं दुरुस्त करून गेला. दाराची कडी घट्ट केली, स्वयंपाकघरातल्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय बसवला, चार मिनिटं पुढे पळणारं घड्याळ जागेवर आणलं, आणि शेवटी नळापुढे उभा राहून म्हणाला, "हा काही बिघडलेला नाही, लोरी. ह्याला घरात बोलायला कोणी नाही म्हणून टपटपतोय. तुझ्यासारखाच." लोरेटा चव्वेचाळीस वर्षांची होती, तेवीस वर्षं सेंट जॉन्सच्या ग्रंथालयात नोकरी करत होती, तिच्या हाताखाली चार माणसं होती, तरी बाबा आला की शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखं तिला अजून वाटायचं. त्याने डब्यातलं घट्ट दूध घातलेला चहा दोनदा घेतला, पावाबरोबर बेकअ‍ॅपलच्या रानफळांचा मुरंबा बाटलीच्या तळापर्यंत संपवला, आणि उतारावरच्या गल्लीत गाडीपाशी उभा राहून किल्ल्या शोधू लागला. बंदरावरून धुकं वर चढत होतं. समोरच्या पिवळ्या घराच्या अंगणात एक जुनं स्प्रूसचं झाड होतं, आणि त्या झाडाच्या शेंड्यातून, त्याच्या डोक्यावर पुरता दहा हातही नसेल, तो आवाज आला. बारीक, टोकदार, एकाच सुराचे सलग ठिपके. आधी पुसट, मग ठळक, मग पुन्हा पुसट. काचेवरून सुई टोचत टोचत न्यावी तसा. लोरेटाने वर पाहिलं. अँब्रोसने खिशातून किल्ली काढली, झाडाकडे नव्हे तर आकाशाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "तारीख उलटून गेली गं. यंदाही नाही आले टोपीवाले." वर तो पक्षी पुन्हा गायला. लोरेटाचं तोंड उघडलं होतं. त्या उघड्या तोंडातून शब्द आले ते असे : "उद्या जेवायला येताना काय आणू?" "भूक आण," अँब्रोस म्हणाला आणि गेला.

रविवारी दुपारी ती पोचली तेव्हा चुलीवर खारं मांस आणि कोबी शिजत होता, बटाटे सोलून पाण्यात घातलेले होते आणि अँब्रोस खिडकीजवळच्या खुर्चीत, सोलायची सुरी नीट पुसून मांडीवर ठेवून, संपलेला होता. एवढंच. त्यानंतरचे दिवस तिने कपबशा विसळण्यात काढले. दुःखाबद्दल तिने आयुष्यभर इतकं वाचलं होतं की स्वतःवर आलं की ते ओळखीचं निघेल, निदान दाराशी आल्यावर नाव तरी सांगेल, असं तिला वाटत होतं. ते आलं ते भलतंच काहीतरी होऊन. बाबाची एखादी गोष्ट आठवून ती फुटपाथवर एकटीच हसायची, ग्रंथालयाच्या जिन्यात हसायची, आणि मग घाबरायची. माणूस जाऊन तीन आठवडे झालेत आणि आपल्याला हे काय होतंय? आणि त्या हसण्याच्या तळाशी प्रत्येक वेळी ती सुई टोचत असायची. टिक टिक टिक टिक. तुझ्या डोक्यावर आहे रे, असं चार शब्दांत सांगता आलं असतं. तिने जेवणाचं विचारलं.

पक्षीमोजणीच्या कार्यालयातल्या बाईंचा, यंदा बाबाच्या जागी मोजशील का, असा फोन आला तेव्हा ती 'हो' म्हणाली ती ह्या सुईमुळेच. दक्षिण किनाऱ्याच्या रस्त्याची जूनमधली पक्ष्यांची मोजणी बावीस वर्षं अँब्रोस करत होता. एकही वर्ष चुकलेलं नव्हतं. मोजणी म्हणजे पन्नास थांबे. पहाटे साडेचारला पहिला, मग दर अर्ध्या मैलाला एक. गाडीतून उतरायचं, तीन मिनिटं उभं राहायचं, जे ऐकू येईल, दिसेल ते मोठ्याने सांगायचं. दुसऱ्याने ते कागदावर उतरवायचं. आणि एक नियम, ज्यावर अँब्रोस चर्चमधल्यापेक्षा जास्त श्रद्धेने चालायचा : मोजणारे कान एकाच माणसाचे. लिहिणाऱ्याने लिहायचं. त्याला काही ऐकू आलं तरी बोट दाखवायचं नाही, भुवई उचलायची नाही, खोकायचंसुद्धा नाही. नऊ वर्षं लोरेटा लिहिणारी होती. यंदा लिहायला, आपल्या पेन्सिलला आपणच टोक करून, फिलोमिना आत्या आली होती. अँब्रोसची थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, डोक्याला स्कार्फ, मांडीवर बोलोन्याच्या सँडविचेसचा डबा.

"हे बघ," पहिल्या थांब्यावर आत्या म्हणाली, "भराभर बोलायचं नाही. आणि लॅटिन नावं सांगशील तर मी उतरून चालत घरी जाईन."

"लॅटिन मला येत नाही, आत्या."

"पुस्तकांत राहतेस आणि लॅटिन येत नाही? मग करतेस काय तिथे दिवसभर?"

लोरेटाने घड्याळ लावलं आणि बाहेर उभी राहिली. थंडी होती. कॅपलिन मासे किनाऱ्याला लागायच्या दिवसांत असते तशी ओली, करडी, धुक्याची हवा, जिला इथली माणसं वर्षभर शिव्या देतात आणि जिच्याशिवाय त्यांना जून आल्यासारखा वाटत नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाऱ्याने खुरटलेले, एकमेकांत बोटं गुंतवून बसलेले स्प्रूस. माणसाच्या छातीइतके उंच आणि शंभर वर्षांचे. ह्याच झाडोऱ्यात, ती नऊ वर्षांची असताना, अँब्रोसने तिला पोटावर सरपटायला लावून टोपीवाल्या पक्ष्याचं एक घरटं दाखवलं होतं. खोडाला चिकटून, गुडघ्याइतक्या उंचीवर, बाहेरून काटक्या आणि शेवाळ आणि आत मऊ पिसांचा थर, त्यात चार ठिपकेदार अंडी. "पीस ओळखलंस?" तो कुजबुजला होता. पीस त्यांच्याच तांबड्या कोंबडीचं होतं. दक्षिण अमेरिकेतून इतका लांब उडत आलेला पक्षी आपल्या परड्यातून पीस उचलून नेतो, ह्या गोष्टीचा दोघांना इतका आनंद झाला होता की घरी येऊन त्यांनी त्या कोंबडीला जास्तीचे दाणे घातले. पक्षी दाखवताना तो म्हणायचा, काळी टोपी पाहून फसू नकोस, टोपी चिकडी पाखरालाही असते. पण चिकडीने गळ्याला काळा मफलर गुंडाळलेला असतो. आपल्या टोपीवाल्याचा गाल आणि गळा पांढरा स्वच्छ, कुशीवर काळ्या रेघा, आणि पाय बघ, पिवळे. टोपी घातली आणि बूट घालायचे विसरला. बायको साधी, शेवाळी, रेघारेघांची; घरातलं सगळं तीच बघते, म्हणून तिला टोपीची हौस नाही. आणि मग तो स्वयंपाकघरातला वजनकाटा टेबलावर मांडायचा, त्यात साखरेचे तीन चमचे ओतायचा. एवढा हा जीव. शरद ऋतूत खाऊन खाऊन दुप्पट होतो. आणखी तीन चमचे. आणि मग एका संध्याकाळी उठतो आणि समुद्रावर निघतो, तीन दिवस, तीन रात्री, खाली टेकायला जागा नाही. "मी एकतीस वर्षं बोटीच्या इंजिनात तेल घातलं," अँब्रोस म्हणायचा, "दर फेरीला काहीतरी तुटायचं. आणि हा बघ. साखरेवर चालतो."

"रॉबिन दोन," लोरेटा म्हणाली. "फॉक्स स्पॅरो एक. हर्मिट थ्रश एक, लांबचा." आणि डावीकडच्या झाडोऱ्यातून सुई टोचू लागली, आणि तिला उत्तर देत रस्त्यापलीकडून दुसरी. दोन, ती मनात म्हणाली. घड्याळ वाजलं. ती गाडीत बसली.

"झालं?" आत्याने विचारलं.

"झालं."

दुसऱ्या थांब्यावर एक. तिसऱ्यावर तीन. चौथ्यावर धुक्यातून एक शेंडा वर आला होता आणि त्यावर तो स्वतःच बसला होता, चोच उघडी, पिसं फुगलेली, साऱ्या अंगाची थरथर करत गाणारा. असाच एक, अशाच शेंड्यावर, सहा वर्षांपूर्वी बसला होता. बाबा त्याच्याकडे पाठ करून उभा होता, दुर्बीण दुसरीकडे लावून, चेहरा एकाग्र आणि सुखी. लोरेटा पेन्सिल धरून वाट पाहत होती. त्या वेळी तिला वाटलं, सांगेल, ठळक सूर आला की सांगेल. तीन मिनिटं संपली. त्या वर्षी थांब्यांच्या नकाशावर बोट फिरवताना तिच्या लक्षात आलं, की पक्षी कमी होत नव्हते. बाबाभोवतालचं वर्तुळ लहान होत होतं. ती लिहायला लागली त्या पहिल्या वर्षी त्याने एकतीस टोपीवाले मोजले होते, मग सव्वीस, मग एकोणीस, मग अकरा. लांबचे आधी गेले, मग मधले, मग अगदी अंगाजवळचे. त्याला माणसांचं बोलणं ऐकू यायचं, थ्रश ऐकू यायचा, बेडूक, समुद्र, पत्ते खेळताना शेजाऱ्याने हळूच दिलेली शिवी, सगळं. इंजिनाने एकतीस वर्षांत त्याच्या कानाचं फक्त सर्वांत वरच्या सुरांचं टोक झिजवलं होतं, आणि नेमकं त्या टोकावर हा पक्षी बसत होता. सांगायचं तर तेव्हाच सांगायचं. पण नियम होता. नियम किती सोयीचा असतो. पुढच्या वर्षी चार भरले आणि त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं : आपल्या किनाऱ्यावरून टोपीवाला चाललाय, हिवाळ्याच्या सरपणासाठी खुरटा स्प्रूस तोडणं थांबवा. पत्र सुंदर होतं. शाळा सातवीत सोडलेल्या माणसाने ते लिहिलं होतं आणि त्यात एक स्वल्पविराम हलवावा असं ग्रंथालयातल्या लोरेटाला वाटलं नाही. चर्चच्या सभागृहात त्याने ते वाचून दाखवलं तेव्हा बायका रडल्या. आत्याने कात्रण फ्रिजवर लावलं, ते अजून तिथे आहे. मग एक भरला. मग शून्य, शून्य, शून्य.

अकराव्या थांब्यापर्यंत लोरेटाच्या मनात एकोणीस साठले होते आणि आत्याच्या कागदावर त्या रकान्यात काहीही नव्हतं. आपण नेमकं काय करतोय हे तिला कळत होतं. तोंडाने एक आकडा सांगितला की कागद बोलू लागेल. तीन वर्षांची शून्यं आणि अचानक साठ-सत्तर. असा चमत्कार पक्षी करत नाहीत. कार्यालयातल्या बाई चष्मा कपाळावर सरकवतील आणि सौम्य आवाजात म्हणतील, मिस्टर कोडींच्या शेवटच्या काही वर्षांची पानं आपण बाजूला ठेवू या. ते पत्र, ते रडणं, ते कात्रण. बाबा आता काही बोलायला येणार नाही. आणि तरीही, आणि हेच तिला विचित्र वाटत होतं, प्रत्येक थांब्यावर दार उघडून उतरताना तिच्या छातीत काहीतरी उड्या मारत होतं. इतके! ह्या धुक्यात, ह्या थंडीत, इतके! जणू घरभर पाहुणे लपून बसलेत आणि एकट्या तिला ठाऊक आहे.

"तुझ्या बाबाने माझी किटली जाळली, ते सांगितलं का तुला?" अकराव्या आणि बाराव्या थांब्यांच्या मधे आत्याने सँडविच चावत विचारलं. "शिट्टीची किटली. मी वर कपडे वाळत घालतेय, खाली किटली किंचाळतेय, किंचाळतेय, आणि हा तिच्या शेजारी बसून पेपर वाचतोय. तळ गेला तिचा. मी म्हटलं, अरे मेल्या, बहिरा झालास का? तर म्हणतो, फिलो, मला वाटलं तूच गातेयस." आत्या हसली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने स्कार्फच्या टोकाने टिपलं. "बहिरा कसला. पत्ते पिसताना पलीकडच्या खोलीतून कळायचं त्याला."

लोरेटा रस्त्याकडे पाहत राहिली. बारावा थांबा बर्नी व्हेलनच्या केबिनसमोर होता. तिने गाडी बाजूला घेतली, उतरली, आणि घड्याळ लावण्याआधीच दार उघडून बर्नी बाहेर आला, लोकरीची लांब आतली विजार, वर बायकोचा गुलाबी झगा.

"पहाटे साडेपाचला माझ्या दारात काय मोजताय? माझे गुडघे?"

"ते दोनच आहेत बर्नी, आणि दोन्ही बघवत नाहीत," आत्या काच खाली करून म्हणाली. "आत जा, काहीतरी घाल."

"घातलंय की. किती छान रंग आहे." मग त्याने लोरेटाला ओळखलं आणि झगा छातीशी आवळला. "अँब्रोसची पोर ना तू? अगं बाळा. अंत्यविधीला आलो होतो, पण तुझ्यापर्यंत पोचायला मिळालं नाही, एवढी गर्दी. एवढी गर्दी तर फुकटच्या कॅपलिनला होत नाही." तो खाली पायऱ्यांवर बसला. त्याच्या केबिनच्या मागे, समुद्राच्या बाजूला, स्प्रूसचा एक दाट पट्टा होता, काळसर हिरवा, धुक्यात भिजलेला. बर्नीने अंगठ्याने तिकडे खूण केली. "हा त्याचाच. पत्र आलं ना त्याचं, त्या दिवसापासून मी एक फांदी तोडली नाही. पाच वर्षं. सरपणाला सात मैल आत जातो. बायको रोज म्हणते, समुद्रासमोर घर घेतलं आणि खिडकीतून काय दिसतं तर झाडू. मी म्हणायचो, थांब, अँब्रोसचा पक्षी येईल." त्याने नाक पुसलं. "आता तोही नाही आणि पक्षीही नाही. पुढच्या मंगळवारी जावई येतोय करवत घेऊन. वाईट वाटतं गं. पण किती थांबायचं माणसाने?"

पट्ट्यातून सुई टोचू लागली. जवळच, इतकी जवळ की लोरेटाच्या दातांना ती कळली. आणि मग दुसरी, जरा उजवीकडे. आत, कुठल्या तरी खोडाला चिकटून, गुडघ्याइतक्या उंचीवर, शेवाळी रंगाची कोणीतरी अंडी पोटाखाली घेऊन बसली असणार.

"हे काय वाजतंय?" लोरेटाने विचारलं. आवाज तिचाच होता, पण विचारायचं तिने ठरवलं नव्हतं.

"कुठलं? हां, ते टिकटिक?" बर्नी म्हणाला. "ते विजेच्या तारेचं. दर उन्हाळ्यात वाजतं. दोनदा तक्रार केली मी कंपनीकडे. म्हणाले, तार ठणठणीत आहे."

लोरेटाला हसू आलं. ते पोटातून आलं, तिला थांबवता आलं नाही, ती गाडीच्या छपराला हात टेकून हसली, आणि बर्नीही, कशाला ते न कळून, तिच्याबरोबर हसला. कान असलेला माणूस पाच वर्षं पक्ष्याविरुद्ध वीज कंपनीकडे तक्रार करत होता, आणि कान गेलेला माणूस त्याच पक्ष्यासाठी सभागृहात उभा राहून बोलत होता. बाबाला हे सांगायला हवं होतं. बाबा किती हसला असता! टेबलावर थाप मारून, डोळे पुसत, फिलो, ऐकलंस का, म्हणत. आणि तिला पहिल्यांदाच, अगदी स्पष्ट, त्याचा तो चेहरा दिसला, ज्या चेहऱ्याला तिने सहा वर्षं सांभाळलं होतं. तो चेहरा मोडणारा नव्हताच. इंजिन तुटलं की कपाळावर तेलकट हात फिरवून 'चला, उघडा' म्हणणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता. त्याला पक्षी हवे होते. पक्षी आहेत एवढंच त्याला कळायला हवं होतं. कोणाच्या कानाला कळले ह्याची त्याने फिकीर केली नसती. तिने त्याची लाज वाचवली होती आणि त्याच्याकडून त्याचा आनंद काढून घेतला होता. सहा वर्षं, दर जूनला, शेजारी बसून.

तिने घड्याळ लावलं. बर्नीला बावीस वर्षांची सवय होती, तो गप्प झाला. धुकं पट्ट्यावरून सरकलं. कुठेतरी खाली समुद्राने एक लांब श्वास सोडला.

"रॉबिन एक," लोरेटा म्हणाली.

आत्याची पेन्सिल खरखरली. एक मिनिट गेलं. सूर ठळक झाला, पुसट झाला, पुन्हा आला. आत्या वर पाहत होती, चष्म्याच्या कडेवरून, अँब्रोससारखेच करडे डोळे.

"आत्या," लोरेटा म्हणाली. आवाज चांगला मोठा, सांगायचा असतो तसा आला. "बाबाला ऐकू येत नव्हतं. टोपीवाला ऐकू येत नव्हता त्याला. पक्षी कधी गेलेच नाहीत. दरवर्षी होते, अस्से भरपूर होते, त्याच्या डोक्यावर बसून गायचे, आणि मी शेजारी होते, मला माहीत होतं, आणि मी त्याला सांगितलं नाही."

बर्नीने झाडांकडे पाहिलं, मग विजेच्या तारेकडे, मग पुन्हा झाडांकडे. 

आत्याने चष्मा नाकावर वर सरकवला. मग तिने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि कागद गुडघ्यावर सरळ केला. "म्हणजे मेल्याने माझी किटली खरंच ऐकली नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला, आणि ती हसलीही. "किती लिहू?"

घड्याळात पन्नास सेकंद उरले होते. लोरेटाने डोळे मिटले. डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि आता, खूप लांब, समुद्राच्या कडेला, जवळजवळ नसल्यासारखा, आणखी एक.

"तीन," ती म्हणाली. "इथे तीन आहेत, बाबा."